कच्च्या विटांचा हंगाम

जन्मात मी सरकारदरबारचं एकच काम अंगावर घेतलं, आणि ते रांगोळी काढून बुडवलं. आळसाने बुडवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आळशी बाईला लोक चार दिवस नावं ठेवतात आणि विसरतात. मी ते पहाटे उठून, अंगण सारवून, घरोघर फिरून साखर गोळा करून, अख्ख्या गावाला कामाला जुंपून बुडवलं. एवढ्या निगुतीने नुकसान करणारी बाई कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात माझ्याआधी झाली नसावी. एकोणीस वर्षांची होते. मराठी सातवी पास होते. व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला माहेरहून येताना ट्रंकेत लुगड्यांच्या वर ठेवून आणला होता, म्हणजे ट्रंक उघडली की आधी तो दिसावा. यावरून काय ते ओळखा.

दिवाळी सरली, भातं झोडून झाली, की खालापूरच्या रस्त्याला अजून वीटभट्ट्या लागतात. पूर्वीसारख्या नाहीत. आता मधेमधे रिसॉर्टांच्या कमानी आहेत, हॉटेलांचे फलक आहेत. पण संध्याकाळी वारा पडला की भाताच्या तुसाचा तो जाड, गोडसर, घशात रेंगाळणारा धूर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येतो. नातसून उठून खिडकी लावते. ती आत गेली की मी उघडते.

"आजी, धूर येतोय ना."

"येऊ दे. ओळखीचा आहे."

ती हसते आणि सोडून देते. तिला काय सांगणार, की हा धूर आला की मला बरं वाटतं, आणि ज्या वर्षी तो आमच्या गावात उठलाच नाही ते वर्ष आठवून लगेच खिडकी लावून घ्यावीशीही वाटते. एकाच धुराने दोन्ही होतं. डॉक्टर म्हणतात दमा आहे. असेल.

माझा नातू घरं बांधतो. मुंबईच्या लोकांची शनिवार-रविवारची घरं. माणूस आठवड्यातून दोन दिवस ज्यात राहतो त्यालाही घर म्हणतात, हे मी त्याच्याकडूनच शिकले. गेल्या आठवड्यात त्यांच्या बांधकामवाल्यांच्या संघटनेचं मंत्र्यांकडे जायचं ठरलं. परवानगीच्या फायली हलत नाहीत, नियम पुन्हा पुन्हा बदलतात, वाळू मिळत नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं. भाषण नातू करणार. त्याने दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रं पाडून सगळं मला म्हणून दाखवलं. चित्रांत काय, तर निळे निळे तलाव, हिरवळ, काचेच्या खिडक्या, आणि खिडक्यांत उभी राहून हसणारी माणसं.

"कसं वाटलं?"

"छान. आता अडचणीचा फोटो दाखव."

"कसला फोटो?"

"तुम्ही अडचण सांगायला चाललात ना? मग ती ह्यात कुठे आहे?"

"आजी, मंत्र्यांपुढे काय रडकं तोंड घेऊन जायचं?"

हेच वाक्य, याच तोऱ्यात, मी म्हटलं होतं. तेव्हा मंत्री नव्हता, जिल्ह्याचा साहेब होता, एवढाच फरक.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आधीचा तो हिवाळा आणि उन्हाळा. युद्ध संपून गेलं होतं, पण कंट्रोल संपला नव्हता. साखरेवर कंट्रोल, रॉकेलवर, कापडावर, लोखंडावर, सिमेंटवर. सिमेंट आमच्या गावात कुणी डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं जळणाचं. जंगलातलं लाकूड आणि कोळसा मुंबईकडे जायचा, आणि उरलेल्याला परमिट लागायचं. परमिट चुलीला मिळे, भट्टीला मिळत नसे, आणि नुसत्या तुसावर भट्टी भाजत नाही. सरकारच्या लेखी भट्टी म्हणजे कुणाचा तरी धंदा, आणि धंद्याला काय, थांबता येतं. पण भट्टी पेटली नाही की वीट नाही, कौल नाही. वीट-कौल नाही म्हणजे गवंड्याच्या हाताला काम नाही, सुताराच्या हाताला नाही. आणि ज्याचं घर गेल्या पावसात बसलं त्याला यंदाच्या पावसात घर नाही. इतकं सरळ होतं ते. मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

माझे सासरे घरं बांधायची कामं अंगावर घेत. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. त्यांच्या विटा येत कासिमभाईंच्या भट्टीतून. कासिमभाईंचं घराणं मूळचं खाडीकाठचं, पण दोन पिढ्या आमच्याच गावात नदीकाठी भट्टी लावत आलेलं. अंगाने सडपातळ, दाढीत कायम विटेची धूळ, आणि बोलताना चेहरा असा कोरा, की माणूस थट्टा करतोय की खरं बोलतोय ते दुसऱ्या दिवशी कळावं.

त्या हिवाळ्यात मामंजींनी आसपासच्या गावांतले गवंडी, सुतार, कुंभार, भट्टीवाले एकत्र केले. संघटना वगैरे शब्द नव्हते; 'मंडळी' म्हणायचे. संध्याकाळी मंडळी आमच्या ओटीवर जमत. शेतात वाल शेंगांवर आलेला असायचा, कुणाच्या तरी बांधावर पोपटीचं मडकं लागलेलं असायचं, आणि भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या शेंगांचा वास ओटीवरच्या विडीच्या धुरात मिसळायचा. लांबून, कर्जतच्या बाजूने, घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी यायची. मी दाराआड उभी राहून ऐकायची.

"एकेका भट्टीचं परमिट मागाया जायचं नाय," मामंजी सांगत. "एकाला देतील आन् बाकीच्यांची तोंडं बंद करतील. नियमच बदला म्हनायचं. राहत्या घराच्या विटेला, कौलाला जळण द्या. सगळ्यांना द्या."

"सगळ्यांना द्या," कासिमभाई मान डोलावत. "पन मला आधी द्या."

ओटी हसायची. मामंजीही हसायचे. आपण आपल्या धंद्याचं मागतोय आणि लोकांच्या घराचंही मागतोय, या दोन्ही गोष्टी त्या माणसांना एकाच वेळी ठाऊक होत्या आणि त्याची त्यांना चोरी वाटत नव्हती. आता नातवाची मंडळी बोलतात तेव्हा धंद्याचं नाव कुठेच येत नाही, सगळं जनतेसाठी असतं. असो. म्हातारीने किती टोचावं त्यालाही मर्यादा आहे.

अर्ज गेला. माझ्याच अक्षरात गेला, हे सांगायची संधी मी पुढची पन्नास वर्षं सोडली नाही. उत्तर आलं की साहेब स्वतः दौऱ्यावर येऊन पाहतील आणि वर शिफारस करतील. खालापूरला त्यांचा मुक्काम, तिथून मोटारीने शिमग्याच्या आत आमच्याकडे. कासिमभाईंनी त्या उत्तरावर भरवसा ठेवला आणि विटा पाडायला घेतल्या. कापणी झालेल्या शेतात माती, तूस, राख कालवून पायांनी तुडवायची, लाकडी साच्यात दाबायची, आणि साचा उचलला की जमिनीवर ओली, करडी, काटकोनी वीट. अशा रांगाच्या रांगा उन्हात पडलेल्या. वाळल्या की थप्पी. थप्पीवर हात ठेवला तर दुपारी ऊबदार लागायची, पण ती उन्हाची ऊब. पाणी लागलं की तिची पुन्हा माती.

आणि भागीमावशी.

भागीमावशी आमच्या शेजारची. विधवा. गेल्या श्रावणात तिच्या घराच्या मातीच्या भिंती बसल्या, छप्पर खाली आलं. माणसं वाचली, घर गेलं. उरलं दगडी जोतं. ती आमच्या बेड्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, एका कडेला कूड घालून राहत होती. मुलगा दत्तू मुंबईला गिरणीत. त्याची बायको लहान पोराला घेऊन माहेरी. दिवाळीला आला तेव्हा दत्तूने आईला माझ्यासमोरच सांगितलं, "आये, पावसाआधी भिंती उठल्या तर मी नोकरी सोडून येतो, शेती बघतो. नाय उठल्या तर तिकडंच खोली घेतो. मग मला बोलावू नको."

तेव्हापासून मावशीचा हिवाळा त्या जोत्यावर गेला. तांदूळ निवडायला तिथे, वेणी घालायला तिथे. आणि गंमत अशी, की जिथे दार होणार होतं तिथूनच ती जोत्यावर चढायची. दुसऱ्यालाही तिथूनच चढायला लावायची. मी एकदा घाईत मधूनच पाय टाकला तर म्हणाली, "आगं, भिंतीतनं काय येतेस? दारातनं ये." कोंबडी चढली तरी तिला हाकलून वळसा घालायला लावायची. मला फार हसू यायचं. मी माहेरी पत्र लिहिलं त्यातही हे लिहिलं, इथल्या बायका किती भोळ्या असतात म्हणून.

मामंजींचा बेत साधा होता. साहेबाला मोटारीतून उतरवायचं ते थेट कच्च्या विटांपाशी. तिथून मावशीच्या जोत्यावर. मावशीने स्वतः बोलायचं. मग बेडं दाखवायचं. चहा झाला तर झाला.

मी हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

आमच्यात पाहुण्याला उणं दिसू देत नाहीत. पाहुणा ओटीवर आला आणि डबा रिकामा असला, तर मागल्या दाराने वाटी शेजारी जाते आणि साखर घेऊन येते. पाहुण्याला वाटीचा आवाजही येत नाही. फाटकी गोधडी आत जाते, चांगली बाहेर येते. माझ्या आईने मला हे शाळेच्या आधी शिकवलं होतं. साहेब म्हणजे तर सगळ्यांत मोठा पाहुणा. त्याला चिखलात नेऊन उभं करायचं, गोठा दाखवायचा? मी पदर सावरून दाराआडून पुढे झाले आणि मामंजींना म्हणाले, "साहेबापुढे असं रडकं तोंड घेऊन जायचं का? ते काय म्हणतील गावाला?"

मामंजींनी मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी जमिनीकडे. गावात 'आहे' म्हणणारी मी एकटी. बाकी सगळे 'हाय' म्हणायचे. त्या एका शब्दावर मी साऱ्यांना गप्प केलं होतं.

"सूनबाय शिकलेली हाय," मामंजी शेवटी म्हणाले. "तिला ठावं असंल सायबाला काय लागतं."

मला काहीही ठाऊक नव्हतं. मी साहेब जवळून पाहिला नव्हता. पण त्या वाक्याने मी अशी फुगले, की पुढचे दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मावशीचं जोतं हीच बसायची जागा ठरवली. उंच, मोकळी, सावली घालायला सोपी. ते सारवून घेतलं, वर मांडव घातला, आंब्याचं तोरण लावलं, रांगोळीचा मोर काढला. मामंजींनी मावशीच्या चौकटीसाठी जुन्या भट्टीतल्या थोड्या पक्क्या विटा राखून ठेवल्या होत्या. गावात तेवढ्याच. त्या मी बाहेर काढल्या, गेरूने रंगवल्या, आणि जोत्यापुढच्या वाटेच्या दोन्ही कडांना तिरप्या रोवून नक्षी केली. कच्च्या विटांची थप्पी मांडवातून समोरच दिसत होती. तिच्यापुढे कनात लावायला सांगितली.

कासिमभाई कनातीचं टोक हातात धरून उभे राहिले. "सूनबाय, ह्या झाकायच्या? ह्याच तर दाखवायच्या हायेत."

"दाखवू की. आधी त्यांना बसू दे, फराळ होऊ दे. आल्या आल्या माती कशाला दाखवायची?"

"माती नाय ती, वीट हाय. भाजायची राहिलीय."

"तेच ते," मी म्हणाले.

त्यांनी कनात बांधली.

मावशीच्या अंगावरचं लुगडं खांद्यापाशी दोनदा शिवलेलं होतं. मी तिला आत नेऊन माझं जांभळं इरकल काढून दिलं, लग्नातलं. नथही दिली.

"आगं, माझंच नेसते की. फाटकं हाय, पन धुतलेलं हाय."

"मावशी, तुम्ही पुढे बसणार. गावाची शोभा तुमच्या हातात आहे."

तिने पदरावरून बोटं फिरवली. "लई मऊ हाय गं," म्हणाली, आणि नेसली. मला आठवतं, मी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि मला फार आनंद झाला. चांगलं काम केल्याचा जो एक आनंद असतो ना, अगदी तोच. चुकीच्या कामाचा आनंद वेगळ्या चवीचा असता तर जगात पुष्कळ भानगडी टळल्या असत्या.

साहेब आला. खरं सांगते, वाईट माणूस नव्हता. चष्मेवाला, दमलेला, हळू बोलणारा. खाली वाकून विटांची नक्षी पाहू लागला.

"विटा कुठल्या ह्या?"

मामंजींनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "इथल्याच. आमच्या कासिमभाईंच्या भट्टीतल्या."

"चांगल्या भाजल्या आहेत."

"अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात अशी वीट मिळायची नाही, साहेब."

मागे कासिमभाईंच्या घशातून कसलासा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मी पाणी पाठवलं.

मग शिरा आला. घरोघरची कंट्रोलची साखर, वाटी-वाटी मागून आणलेली, त्यात ओतलेली होती. कुठल्या घरातली पोरं पुढचा महिनाभर गुळाचा चहा प्यायली असतील याचा मी विचार केला नाही. साहेबाने दोनदा घेतला. "साखर बरी मिळते इकडे," म्हणाला, सहजच. मी पदर तोंडाशी नेऊन हसले. मला ती माझ्या हाताची वाहवा वाटली.

मामंजींनी बोलायला सुरुवात केली. चांगलं बोलले. घरं किती बसलीत, गवंडी कसे रिकामे आहेत, नियम बदलायला का पाहिजे. साहेब ऐकत होता, पण त्याचे डोळे तोरणावर होते, सारवलेल्या जमिनीवर होते, रांगोळीच्या मोरावर होते. मामंजी म्हणाले, "ह्या भागीबाय. ह्यांचं घर बसलंय. तुमी बसलाय ते ह्यांच्याच घराचं जोतं."

साहेबाने मावशीकडे पाहिलं. जांभळं इरकल, काठाला लाल रेशीम, नाकात मोत्यांची नथ.

"आजी, मग आता कुठे राहता?"

मावशीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या मांडीवरच्या पदराकडे पाहिलं. इतका वेळ गेला, की मांडवातली एक बाई हळूच खाकरली.

"हितंच. ह्यांच्याकडं."

"बरं चाललंय ना?"

"बरं हाय," मावशी म्हणाली.

मामंजींनी उठून कनात बाजूला ओढली. साहेबाने उभ्यानेच थप्पी पाहिली. "म्हणजे पुढच्या भट्टीची तयारी आहे," म्हणाला.

"सायेब, जळण नाय तर भट्टी कशी लागंल? आमी एका गावाचं बोलत नाय, नियमाचं बोलतोय."

"नियम गरज पाहून बदलतात, आणि गरज दिसावी लागते," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाला. "तुमचं गाव पाहून समाधान वाटलं. ज्यांची अडचण जास्त, त्यांचा विचार आधी करावा लागेल."

मोटार खालापूरकडे गेली. मांडवात कुणी हललं नाही. मी मात्र अजून साहेबाच्या 'समाधान वाटलं' या दोन शब्दांत होते. कासिमभाई जवळ आले आणि त्या कोऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "सूनबाय, शिरा झकास झालता." मी म्हणाले, "आवडला ना?"

जळण मिळालं ते कळंबच्या बाजूच्या भट्ट्यांना. तिथे साहेबाला उपड्या घमेल्यावर बसवलं होतं, आणि एका घराच्या चार भिंतींच्या आत, वर आभाळ असताना, जेवणारी माणसं दाखवली होती. पाणी दिलं, तेही तांब्याने, ओंजळीत. आमच्या बाजूला टंचाई दिसून येत नाही, असं कळवण्यात आलं. आमच्या एका गावाचं नव्हे, खालापूरकडच्या सगळ्या भट्ट्यांचं त्यात वाटोळं झालं. ज्या भट्टीवाल्यांनी माझा शिरा खाल्लाही नव्हता, त्यांचंसुद्धा.

मामंजी मला काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी ती मोकळीकही दिली नाही. गवंडी एकेक करून मुंबईला गेले. भट्टीवरची माणसं पनवेल-पेणकडच्या मिठागरांवर गेली. ओटीवर संध्याकाळी जमायला कुणी उरलं नाही. मृगात थप्प्यांच्या कडा आधी गोल झाल्या, मग त्या खाली बसल्या, आणि आषाढ अर्धा सरेपर्यंत कासिमभाईंच्या विटा शेताला परत मिळाल्या. त्या वर्षी त्या शेतात भात बरं आलं, असं कासिमभाई सांगत. थट्टा करत होते की खरं, ते मला अजून कळलेलं नाही.

दत्तू त्याआधीच, चैत्रात येऊन गेला. जोत्याच्या त्या दाराच्या जागेतून वर चढला, मधोमध उभा राहिला, चारी बाजूंना पाहिलं. आईच्या हातचं जेवला. निघताना मला म्हणाला, "वैनी, आयेकडं लक्ष ठेवा." सासुरवाडीहून बायको-पोराला घेतलं आणि मुंबईला गेला. मी हो म्हणाले. लक्ष ठेवायला मीच उरले होते.

गेली कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगत आले आहे. लग्नाकार्यात, हळदीला, बायका रात्रीच्या भाज्या चिरायला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, ती साहेबाची गोष्ट सांगा. मी सांगते. साहेबाची नक्कल करते, कासिमभाईंचा ठसका करते, स्वतःला फुगवून दाखवते. पोट धरून हसतात बायका. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी सवयीने करत आले, आणि ती मला परवा नातवाला सांगताना समजली. मी भागीमावशीला गाळते. मांडव असतो, शिरा असतो, विटा असतात, मावशी नसते. तिला ठेवलं तर गोष्ट हसवत नाही.

परवा नातवाला मी नेहमीसारखी सांगितली. तो हसला. "आजी, तू काय भारी होतीस." मग मी थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितली, मावशीला घालून. तो हसला नाही. भिंतीवरचं चित्र तसंच होतं, निळ्या तलावाचं. त्याने विचारलं, "तू तिची माफी मागितलीस?"

मागितली. लगेच नाही. लगेच मागायला लागतं तेवढं धैर्य माझ्याकडे नव्हतं. फायनलला तो विषय नव्हता. मधल्या काळात स्वातंत्र्य आलं, खालापूरला कचेरीवर झेंडा चढला, पेढे वाटले. घटस्थापनेच्या आधीचे दिवस असतील. पाऊस ओसरत आला होता. जोत्यावर तेरडा माजला होता. मी बेड्यात गेले. मावशी उंबऱ्याशी बसून बियाण्याचे वाल निवडत होती. मागे गाय रवंथ करत होती. कुडाच्या खालच्या अंगाला ओल चढली होती, पार तिच्या अंथरुणाच्या उंचीपर्यंत. मी रोज त्या बेड्यात गोऱ्ह्याला चारा घालायला जायची, पण ती ओल मी त्या दिवशी पाहिली.

"मावशी, दत्तूची काही खबर?"

"घेतली त्यानं खोली. बरी हाय म्हनतो. छप्पर हाय."

मी बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

ती वाल निवडत राहिली. एक किडका काढून बाहेर टाकला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो धरून ठेवला असता. राग नव्हता. कंटाळा होता थोडा, कामाच्या मध्ये कुणी येऊन बसल्यावर येतो तसा.

"तुम्ही बोलला का नाहीत त्या दिवशी?" मी विचारलं. बघा, माफी मागायला गेले आणि तिलाच जाब विचारला. "साहेब विचारत होता. सांगायचं ना, गोठ्यात राहते म्हणून."

"तुझी नथ घालून?" ती म्हणाली.

गाईने शेपूट हलवली. मी पदर डोळ्यांना लावला. मावशीने सूप उचललं, दोनदा पाखडलं, खाली ठेवलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आता रडू नको," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला सायेब आला, की त्याला कोरा चा दे, आन् मला बोलू दे."